मदत हवी आहे: शॉवरची बुजलेली छिद्रं कशी मोकळी करावीत?

नमस्कार मंडळी. आमच्याकडचं पाणी जड आहे. शॉवरच्या निम्म्या छिद्रांत पांढरे क्षार बसलेत. धार बारीक झाली आणि तीही तिरकी भिंतीवर जाते. सुईने टोकरून पाहिलं, चार दिवसांत पुन्हा तेच. आईचा खांदा दुखतो, तांब्याने पाणी घेणं तिला जमत नाही, म्हणून घाई आहे.

पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी पिशवीत भरून शॉवरला रबरबँडने बांधायचं ठरवलंय. पण आम्लाने क्रोमचा मुलामा खराब होईल का? अर्धा तास पुरे, की जास्त वेळ ठेवू? लिंबूसत्त्व वापरलं तर किती घ्यायचं? (सोबत खाण्याचा सोडा नको, दोन्ही एकमेकांचा जोर मारतात. ब्लीच तर मुळीच नाही, विषारी वायू तयार होतो.)

स्वतः करून पाहिलेल्यांनी कृपया सांगा.