हेडफोनवर शास्त्रीय संगीत: पाच हजारांत जुना डिस्कमन की डीव्हीडी प्लेअर?

टिळकवाडीकर
घरात ख्याल, ठुमरी, सतार-सरोदच्या सीडी पडून आहेत. ऐकायचं फक्त हेडफोनवर, रात्री घरचे झोपल्यावर. खर्च हेडफोन धरून पाच हजारांच्या आत. बेळगावात हा प्रश्न बरेच जण विचारतात, म्हणून माझं मत आधीच मांडतो: स्वतंत्र लाइन आउट (आवाज वाढवणाऱ्या यंत्राला जोडायचा वेगळा जॅक) असलेला जुना डिस्कमन (हातात मावणारा, सेलवर चालणारा सीडी प्लेअर) घ्यावा. डीव्हीडी प्लेअर नको.

मुख्य कारण तानपुरा. रागाच्या सीडीत आलाप, जोड, झाला किंवा विलंबित आणि द्रुत असे वेगळे ट्रॅक पाडलेले असतात, पण मागचा तानपुरा थांबलेला नसतो. सीडीवर आवाज सलग असतो, ट्रॅक म्हणजे फक्त एक खूण. डिस्कमन ती खूण ओलांडून सरळ पुढे जातो. स्वस्तातले डीव्हीडी प्लेअर बऱ्याचदा तिथे क्षणभर आवाज बंद करतात. नेमका समेवर येताना षड्ज तुटला तर सगळी बैठक मोडते. दुसरं म्हणजे पन्नास मिनिटांच्या एकाच ट्रॅकमध्ये बत्तिसाव्या मिनिटाची जागा शोधायची असेल तर मिनिट-सेकंद दिसायला हवेत. त्यासाठी डीव्हीडी प्लेअरला टीव्ही लावायचा का?

घेताना सत्तर मिनिटांच्या वरची सीडी सोबत न्या आणि शेवटची पाच मिनिटं आधी वाजवून बघा. सीडी आतून बाहेर वाचली जाते, आतल्या बाजूला मिनिटाला सुमारे ५०० फेरे आणि काठाशी २००. काठाला अडखळत असेल तर बहुधा लेन्सची गाडी ज्या दांड्यावर सरकते त्यावरचं ग्रीस सुकलेलं असतं, ते दुरुस्त होतं. छापील सीडी वाजते आणि घरी बर्न केलेली वाजत नाही, असं असेल तर लेसर थकलाय असं समजा. बर्न केलेल्या डिस्कवरून उजेड कमी परततो, थकलेल्या लेसरला तो पुरत नाही. असा पीस फुकट दिला तरी घेऊ नका.

शहापूरची पेटी
टिळकवाडीकर, पटलं नाही. वीस-पंचवीस वर्षांच्या डिस्कमनचा लेसर आज चाललाय म्हणून पुढच्या पावसाळ्यापर्यंत चालेल याची हमी कोण देणार? डीव्हीडी प्लेअर त्याहून स्वस्त मिळतो, बिघडला तर दुसरा आणता येतो.

शिवाय डिस्कमनची ताकद बघा. बऱ्याच मॉडेलांवर १६ ओहमला ५ मिलिवॅट असं लिहिलेलं असतं (ओहम म्हणजे हेडफोनचा विजेला होणारा विरोध, मिलिवॅट म्हणजे त्याला मिळणारी ताकद). म्हणजे जास्तीत जास्त ०.२८ व्होल्ट. ३२ ओहमच्या हेडफोनला तेवढ्यात अडीच मिलिवॅट मिळतात, ठीक आहे. पण ३०० ओहमचा हेडफोन लावला तर पाव मिलिवॅटच पोचतो. आलापाचं ध्वनिमुद्रण मुळातच हळू आवाजाचं असतं, द्रुत तानांसाठी वर जागा ठेवलेली असते. मग आवाज पूर्ण वाढवूनही मंद्रातलं काम ऐकू येत नाही. डीव्हीडी प्लेअरच्या मागच्या लाल-पांढऱ्या जॅकमधून २ व्होल्टच्या आसपास मिळतात. त्याला आवाजाची ताकद वाढवणारा एक छोटा हेडफोन अ‍ॅम्प जोडला की प्रश्न संपला.

अनगोळचा सोल्डरवाला
पेटीताई, अ‍ॅम्प जोडा म्हणालात ते महत्त्वाचं, कारण लोक काय करालेत माहीत आहे का? पन्नास रुपयांचा कन्व्हर्टर घेऊन लाल-पांढऱ्या जॅकला थेट हेडफोन लावालेत. आणि मग म्हणतात, सीडीत बेसच नाही.

त्या जॅकच्या आत कपॅसिटर (खालचे सूर अडवू शकणारा भाग) असतो, समजा १० मायक्रोफॅरड. पुढे अ‍ॅम्पचा १० किलोओहम इनपुट असेल तर तो खाली दीड-दोन हर्ट्झपर्यंतचं सगळं जाऊ देतो. तिथे ३२ ओहमचा हेडफोन लावला की सुमारे ५०० हर्ट्झच्या खालचं उतरायला लागतं. काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला) सूर लावला तर तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा १३९ हर्ट्झला आणि खर्जाची तार ६९ ला. म्हणजे खर्ज जवळपास गायब, डग्ग्याची घुमक गायब, उरते ती चाटेची (तबल्याच्या काठाची) किणकिण. काही जॅकना आत काही शे ओहमचा रेझिस्टर असतो, तिथे बेस इतका जात नाही, पण आवाज पडतो.

दुसरी गोष्ट, भुणभुण. आपल्या विजेचे ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले १००, १५० हे तानपुऱ्याच्या तारांच्या आसपासच घोटाळतात. चित्रपटगीतात लक्षात येणार नाही, एकट्या तानपुऱ्यावर आलाप सुरू झाला की येतं. डीव्हीडी प्लेअर आणि अ‍ॅम्प दोन्ही विजेवर असतील तर हा त्रास जास्त. अ‍ॅम्प बॅटरीवर चालणारा घ्या. घरातला इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर लाइट गेल्यावर भुणभुण आणखी वाढते.

टिळकवाडीकर
बरोबर, आणि हाच मुद्दा डिस्कमनच्या बाजूने जातो. दोन पेन्सिल सेलवर चालतो, विजेशी संबंधच नाही. पेटीताईंचा ताकदीचा आक्षेप लाइन आउटला लागू होत नाही, तोच बॅटरीवरचा अ‍ॅम्प तिथेही लावता येतो. फक्त मेगा बास (खालचे सूर फुगवणारं बटण) बंद ठेवा, नाहीतर डग्गा गायकावर चढतो. धक्का-रोधक मेमरीचे (यंत्र हललं तरी आवाज तुटू नये म्हणून पुढचा आवाज साठवणारी) १० आणि ४० सेकंद असे दोन पर्याय असतील तर १० वर ठेवा. अशा मॉडेलांत मोठ्या पर्यायाला डेटा दाबून साठवतात. टेबलावर ठेवून ऐकणाऱ्याला त्याची गरजही नाही.

अ‍ॅडॅप्टर वापरायचाच असेल तर पिनची पोलॅरिटी (अधिक-उणे बाजू) डिस्कमनवरच्या खुणेशी जुळवून घ्या. बरेच ४.५ व्होल्टचे आहेत. बाजारातला ६ व्होल्टचा ‘चालतोय की’ म्हणून लावू नका.

खानापूरकर
दोघेही यंत्राच्या मागे लागला आहात. आमच्याकडे जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. तिथे उघड्या झाकणाखाली लेन्स असलेलं जुनं यंत्र किती टिकणार? माझं म्हणणं, प्लेअर घेऊच नका. लॅपटॉपला यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह लावा, एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा मोफत प्रोग्राम सिक्युअर मोडवर ठेवून सीडी एकदाच फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता लहान केलेली फाइल) उतरवा. एका सीडीला साधारण ३०० एमबी लागतात. प्रोग्रामच्या ऑनलाइन यादीत सीडी सापडली तर पडताळणी आपोआप होते. नसेल तर तोच ट्रॅक दोनदा उतरवायचा आणि दोन्ही वेळचा सीआरसी (पडताळणीचा) आकडा जुळतो का बघायचा. ओरखड्याच्या जागी ड्राइव्ह पुन्हा पुन्हा वाचतो. डिस्कमन तिथे अंदाजाने भर घालून पुढे जातो. नंतर मोबाइल, एक डोंगल (मोबाइलला हेडफोन जोडायची छोटी जोडणी) आणि चांगला हेडफोन. उरलेले सगळे पैसे हेडफोनवर.

आणि सीडी पुसताना मधून काठाकडे सरळ पुसा, गोल नको. गोल ओरखडा सलग डेटा खातो. छापील बाजू जास्त जपा, चकाकणारा थर तिथे वार्निशच्या अगदी खाली असतो.

शहापूरची पेटी
खानापूरकर, ध्वनीच्या दृष्टीने तुमचं चूक नाही. पण ज्यांच्याकडे या सीडी आहेत त्यातले कितीतरी सत्तरीचे आहेत. त्यांना डिस्क ठेवून एक बटण दाबायचं असतं. फोल्डर, डोंगल, प्लेअर अ‍ॅपमधली गॅपलेस सेटिंग (ट्रॅकमध्ये खंड न पाडणारी) हे त्यांच्यावर लादू नका. ती सेटिंग बंद राहिली तर टिळकवाडीकरांना जो तुटलेला षड्ज नको आहे तोच परत येतो.

ट्रॅकमधला खंड सगळ्याच डीव्हीडी प्लेअरमध्ये नसतो, हेही नमूद करते. दुकानात आलाप-जोड लागून असलेली सीडी लावून बघायची, दोन मिनिटांचं काम आहे.

निपाणीकर
हेडफोनवर कुणी फारसं बोललं नाही, आणि फरक तिथेच सगळ्यात मोठा पडतो. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व तानपुरे लावण्याबाबत किती काटेकोर होते हे सगळ्यांना माहीत आहे. ते लागलेले तानपुरे ऐकायचे असतील तर बेस फुगवणारा बंदिस्त हेडफोन काय कामाचा? ३२ ओहमच्या आसपासचा, शक्य तर ओपन बॅक (मागून उघडा), कानावर घट्ट न दाबणारा घ्या. तो बाहेर आवाज गळू देतो, शेजारी कुणी झोपलं असेल तर मात्र बंदिस्तच घ्यावा लागेल.

जुनी रेडिओवरची ध्वनिमुद्रणं मोनो आहेत, आवाज डोक्याच्या मधोमध येईल, तो यंत्राचा दोष नाही. काही स्टिरिओ मुद्रणांत तबला पूर्ण एका कानात असतो. तासाभरात डोकं भणभणतं. त्याला क्रॉसफीड (एका कानातला थोडा आवाज दुसऱ्या कानात मिसळणं) लागतं, आणि ते संगणकावरच्या फूबारसारख्या प्रोग्राममध्ये सहज मिळतं. इथे मी खानापूरकरांच्या बाजूने.

टिळकवाडीकर
क्रॉसफीडचं मान्य. तरी डिस्कमनचं मत मी बदलत नाही. खानापूरसारख्या ओलीच्या ठिकाणी मात्र तो झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, आणि सेल आत ठेवून विसरू नका. सेल गळले की पत्तीवर पांढरा-हिरवा थर चढतो.

अनगोळचा सोल्डरवाला
लेन्स पुसायची असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी जेमतेम ओली करा, टेकवून हलकेच गोल फिरवा, दाबू नका. लेन्स बारीक स्प्रिंगवर तरंगत असते, दाबली की वाकडी होते आणि मग कुठलीच सीडी वाचत नाही. फुंकर मारू नका, थुंकीचा थेंब बसतो. पाच मिनिटं झाकण उघडं ठेवून वाळू द्या. त्यानंतरही ‘नो डिस्क’ आलं तर झाकणाचा बारीक स्विच काडीने दाबून बघा. बऱ्याचदा दोष तिथेच निघतो. फक्त तेव्हा सीडी बसवलेली असू द्या आणि डोळा लेन्सच्या वर नेऊ नका. ७८० नॅनोमीटरचा लेसर आहे, नीट दिसत नाही म्हणून तो धोक्याचा.