गाडीचा रंग आणि घरचे उपाय : तुमचे अनुभव लिहा

टिळकवाडीकर
काल गोवावेसला एक लाल मारुती ८०० दिसली, उन्हानं पार गुलाबी पडलेली. आमच्या काकांकडं पण तीच होती. दसरा जवळ आला की वडगावच्या गल्लीत बादली, जुनं धोतर आणि टूथपेस्ट घेऊन बसायचे, पेस्ट पांढरीच पाहिजे, जेल चालत नाही म्हणायचे. बोनेटचा वीतभर तुकडा घासला की तिथं परत लालभडक, आणि धोतर पण लाल! आम्हा पोरांना वाटायचं काय मळ निघालाय. काकू वरून ओरडायच्या, दात घासायला ठेवा की थोडी. तुमच्याकडं काय लावायचे? चाललं ते पण लिहा, अंगलट आलं ते पण.

खानापूरची_सून
फणसाचा चीक!! गाडी झाडाखाली लावू नका म्हणून सांगून थकले, ऐकतंय कोण. साबणानं हालत नाही तो. खोबरेल तेल लावून थोडा वेळ सोडायचं, मऊ कापडानं पुसायचं, मग शाम्पूचं पाणी. सासूबाई विळीला लावतात तेच तेल, तीच बाटली.

निपाणी_एक्सप्रेस
ताई फणस कापा की बरका

खानापूरची_सून
बरका. साटं घातलीत, या.

उद्यमबाग_पेंटर
टिळकवाडीकर, तो मळ नव्हता हो, रंगच होता. जुन्या ८०० च्या लाल-पांढऱ्या साध्या रंगावर बहुतेक क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, नसायचा. उन्हानं वरचा थर मरतो, खडूसारखा भुरका होतो, पेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते ती तेवढा थर काढते आणि खालचा ताजा रंग दिसतो. काकांचं चुकलं नव्हतं, पण दर वर्षी थोडा थोडा रंग धोतराला जायचा. आताच्या गाड्यांना तो थर असतोय, फार तर ४०-५० मायक्रॉन, डोक्याचा केस त्याहून जाड असतोय. तो घासून गेला की पेस्टनं परत येत नाही, आमच्याकडंच यायला लागतंय. ओळखायचं कसं, तर कोपऱ्यात हलकं घासून बघा, कापडाला रंग आला तर जुना पेंट, नाही आला तर क्लिअर कोट. आणि ओरखड्यात नख अडकलं तर घरचे उपाय विसरा.

चोर्ला_घाटवाला
रस्त्याचं काम चालू होतं तेव्हा खालच्या बाजूला सगळे डांबराचे ठिपके. फडक्याला रॉकेल लावून हळू पुसलं, गेले. लगेच शाम्पूनं धुवायचं, रॉकेल तसंच ठेवायचं नाही. आता रॉकेल मिळतंय कुठं म्हणा, रेशनवरचं बंद झाल्यापासून आमच्या मातोश्रींनी एक कॅन जपून ठेवलाय, मागितलं तर माझ्याकडं असं बघतात जणू मंगळसूत्रच मागितलं.

शहापूरची_माई
😂😂 आमच्याकडं पण आहे कॅन

निपाणी_एक्सप्रेस
हेडलाइट पिवळ्या झालेल्या त्याला पेस्ट मारली, एकदम काचेसारख्या. दिवाळीपर्यंत परत पिवळ्या. मेकॅनिक म्हटला उन्हापासून वाचवणारं कोटिंग होतं तेच घासून काढलंस बाबा

शहापूरची_माई
खंडेनवमीला ह्यांनी नव्या पांढऱ्या गाडीच्या बोनेटवर ओल्या हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं, दुसऱ्या दिवशी पिवळा डाग बसलेला. मुलगा सोडा घेऊन घासायला निघाला तर शेजारच्या वहिनी म्हटल्या, काही करू नका, धुवा आणि उन्हात लावा. खरंच दोन-चार दिवसांत हळद उडाली की! साडीवरचा डाग पण असाच जातोय. कुंकवाचा मात्र थोडा राहिला, त्यात रंग घालतात हल्ली. यंदा हार आणि लिंबूच.

चिकोडी_ऊसवाला
बोअरच्या पाण्यानं गाडी धुतली की पांढरे ठिपके पडतात त्याचं काय करायचं

उद्यमबाग_पेंटर
व्हिनेगर आणि पाणी अर्धं-अर्धं, कापड भिजवून ठिपक्यांवर थोडाच वेळ ठेवा, मग भरपूर साध्या पाण्यानं धुवा. गाडी तापलेली असताना नको. आणि धुतल्यावर वाळू देऊ नका, ओली असतानाच पुसा, ठिपके पडणारच नाहीत.

चिकोडी_ऊसवाला
ओके. लिंबू चालेल का

उद्यमबाग_पेंटर
लिंबू चाकाखाली ठेवा 😄

चोर्ला_घाटवाला
हसूलालोय बे. आमच्या जांबोटीकडची तांबडी माती वाळल्यावर कोरड्या फडक्यानं पुसतात लोक, तिथंच निम्मे ओरखडे पडतात. आधी पाणी मारा रे, माती वाहू दे. भांड्याचा साबण पण लई वापरू नका, वॅक्स सगळं निघून जातंय, मग पाणी थेंब होऊन न घसरता पसरून बसतंय.

कॅम्पातली_ताई
झाडाखाली गाडी, वटवाघळांची कृपा रोजची. वाळायच्या आत ओलं कापड ठेवून मऊ करून उचलायचं, खरवडायचं नाही, त्यात आम्ल असतंय, उन्हात रंगाला खड्डा पडतोय. बाकी टिळकवाडीकर, काकांची ती ८०० आहे का अजून?

टिळकवाडीकर
विकली हो, संकेश्वरच्या एका मास्तरांना. काकूंना अजून वाटतं स्वस्तात गेली.

निपाणी_एक्सप्रेस
साटं कधी न्यायला येऊ ताई, रविवारी खानापूरला लग्न आहे एक