लिखाचोव वाचायचा तर कुठून?

मुक्ता_ना:
रशियनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सरांनी दिमित्री लिखाचोव यांचं नाव घेतलं, "जुन्या रशियन साहित्याचा मोठा अभ्यासक" म्हणाले आणि तास संपला. शोधलं तर सगळी बखरी आणि बाराव्या शतकातली काव्यं. मी चेखवच्या कथांसाठी रशियन घेतलं. यांच्या वाटेला जावं का?

ओझरकर:
जा, पण ग्रंथ घेऊ नकोस, आठवणी घे. १९९५ च्या आहेत, इंग्रजीतही मिळतात. माझी हयात ओझरला मिग विमानांच्या पुस्तिकांची भाषांतरं करण्यात गेली, "नट आवळा, वॉशर बदला" असलं रशियन. हे पुस्तक निवृत्तीनंतर हाती आलं.

१९२८ ला हा पोरगा एकवीस वर्षांचा. लेनिनग्राडमधल्या मित्रांनी गमतीने 'अंतराळ विज्ञान अकादमी' काढली होती. तिथे यानं जुन्या शुद्धलेखनाचे फायदे सांगणारा निबंध वाचला. क्रांतीनंतर 'यात' हे अक्षर हद्दपार झालं होतं, त्याची वकिली. शिक्षा पाच वर्षं, रवानगी सोलोव्हकी बेटावरच्या कैद्यांच्या छावणीत.

तिथे काय केलं, तर चोरांचे पत्त्यांचे डाव टिपून ठेवले! १९३० साली छावणीच्याच मासिकात आलेला तो लेख म्हणजे त्यांचं पहिलं छापील संशोधन. त्याआधीच्या शरदात आईवडील भेटीला आले असताना निरोप आला की बराकीत तुला न्यायला आलेत. लिखाचोव रात्रभर लाकडांच्या ढिगात लपले. त्यांच्या सांगण्यानुसार त्या रात्री शेकडो माणसं गोळ्या घालून मारली. आकडा भरायला आपल्याऐवजी दुसरा कुणी गेला असणार, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. ते पान मी दोनदा मिटून ठेवलं.

यशोधन:
शुद्धलेखनापायी पाच वर्षं? आपल्याकडे १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. आजोबा शेवटपर्यंत 'घरांत' असंच लिहीत राहिले आणि संध्याकाळी निवांत चहा पीत राहिले.

ओझरकर:
नुसतं शुद्धलेखन नाही हो. कुणीतरी त्या 'अकादमी'ला थट्टेनं पोपच्या नावाने अभिनंदनाची तार ठोकली, ती भोवली.

शंकेखोर:
पुढचंही सांगा की काका. 'ईगोरच्या स्वारीची गाथा' हे बाराव्या शतकातलं मानलं जाणारं काव्य बनावट, अठराव्या शतकातलं, असं इतिहासकार झिमिन १९६३ ला म्हणाले. त्यांचं पुस्तक चर्चेपुरतं शंभरेक प्रतींत काढलं आणि दाबलं. विरोधी फळीत पुढे कोण? लिखाचोवच. सोलोव्हकी भोगलेल्या माणसाला हे शोभलं?

ओझरकर:
बरोबर बोललात. गाथेचं हस्तलिखित १८१२ च्या मॉस्कोच्या आगीत गेलेलं, त्यामुळे शंका रास्तच होती. काव्य अस्सल हे लिखाचोवांचं म्हणणं पुढे भाषाशास्त्रज्ञ झालिझ्न्याकनं भाषेच्या पुराव्यानं २००४ ला पक्कं केलं. पण झिमिनचं पुस्तक उजेडात यायला २००६ उजाडलं, लेखक १९८० लाच वारलेला. बाजू खरी असली तरी समोरच्याचं पुस्तक छापू द्यायला हवं होतं, असं मला वाटतं. मात्र सोव्हिएत सत्तेवर टीका करणारे शास्त्रज्ञ साखारोव यांच्याविरुद्धच्या पत्रावर सही करायला लिखाचोवांनी नकार दिला होता, तेही मांडून ठेवतो.

मुक्ता_ना:
आठवणी मागवल्या काका. पत्त्यांचा लेख रशियनमधून जमेल का मला?

ओझरकर:
जमेल, पण चोरांचे शब्द तुझ्या कोशात नसतील. चोरांच्या बोलीवर त्यांचाच १९३५ चा लेख आहे, तो आधी काढ.