ऐनवेळी ठरलेले पंढरपूर : गुडघे दुखणाऱ्या आईला दर्शन कसे घडवावे?

प्रश्नकर्ता : मुळाकाठ

नमस्कार. आज सोलापुरात भाचीचे लग्न व्यवस्थित पार पडले. उद्या, गुरुवारी, सकाळी आम्ही सात जण एकाच गाडीने पुण्याला परतणार होतो. रात्रीची जेवणे झाल्यावर आई म्हणाली, "एवढ्या जवळ आलोच आहोत, तर पांडुरंगाला भेटून जाऊ." बाबांनी लगेच दुजोरा दिला, मुलेही हट्टाला पेटली आणि पाच मिनिटांत बेत पक्का झाला. मुक्कामाची सोय नाही, दर्शनाची माहिती नाही, सामानात लग्नातले भरजरी कपडे तेवढे आहेत.

आईचे वय चौऱ्याहत्तर आहे. तिचे दोन्ही गुडघे दुखतात आणि सलग अर्धा तास उभे राहिले की पायांना सूज येते. एका डोळ्याची दृष्टी अधू आहे. मार्गशीर्षातला गुरुवार असल्यामुळे उद्या तिचा उपवासही आहे. सोबत बाबा, माझी मोठी बहीण, पत्नी, दहा वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा आहे. येथील नातेवाइकांचा आग्रह असा आहे की, शनिवारी एकादशी आहे, तर तोपर्यंत सोलापुरातच थांबावे आणि एकादशीचे पुण्य पदरात पाडून घ्यावे. मला शुक्रवारी कामावर रुजू होणे आवश्यक आहे, पण आईसाठी रजा वाढवण्याची माझी तयारी आहे.

उद्याच जावे की शनिवारपर्यंत थांबावे? पदस्पर्शाच्या रांगेत आईला उभे करणे योग्य ठरेल का? त्याच दिवशी रात्रीपर्यंत पुणे गाठता येईल का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर : महाद्वार

मी पंढरपुरातच राहतो, त्यामुळे आधी तारखेचा निर्णय सांगतो. उद्याच या आणि शनिवारचा विचार सोडून द्या. आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री या चार मोठ्या वाऱ्या सर्वांना ठाऊक असतात, पण दर महिन्याच्या शुद्ध एकादशीला नेमाने येणारे वारकरीही हजारोंच्या संख्येने असतात आणि ते दशमीलाच गावात दाखल होतात. त्यात शनिवार आल्यामुळे एरवी सुटीला येणारी गर्दी त्याच दिवशी मिसळेल. उद्या नवमी आहे, वारही मधला आहे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी यापेक्षा बरा दिवस या आठवड्यात मिळणार नाही.

सोलापुरातून पहाटे निघा. महामार्गाने मोहोळपर्यंत येऊन तेथून डावीकडे पंढरपूरचा रस्ता धरावा. सोलापूर ते पंढरपूर हे अंतर साधारण सत्तर किलोमीटर आहे, म्हणजे सहाला निघालात तर आठच्या आत गावात पोहोचाल. परतताना पुन्हा मोहोळला जाण्याचे कारण नाही. करकंबवरून टेंभुर्णीला निघालात की पुणे महामार्ग लागतो, त्यामुळे एकूण प्रवासात फार मोठा वळसा पडत नाही. दुपारी दोन-अडीचपर्यंत निघालात तर रात्रीच्या जेवणाला पुण्यात असाल.

दर्शनाचे दोन प्रकार आहेत. पदस्पर्श दर्शनाच्या रांगेतून थेट गाभाऱ्यात जाऊन विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवता येते. मुखदर्शनाची रांग वेगळी असते, तिला वेळ बराच कमी लागतो, पण देवाचे रूप काही अंतरावरून पाहावे लागते. सकाळी अकराच्या सुमारास महानैवेद्य आणि दुपारी साडेचारच्या सुमारास पोशाख, म्हणजे देवाची वस्त्रे बदलणे, असतो, त्या वेळी दर्शन थोडा वेळ थांबते. रांगेत उभ्या असलेल्या वयस्कर माणसाला हा खोळंबा फार जाचतो, म्हणून अकराच्या आत बाहेर पडाल असा हिशेब ठेवा. माझ्या मते आईंनी मुखदर्शन घ्यावे आणि समाधानाने परतावे. उपाशीपोटी पदस्पर्शाच्या रांगेत उभे राहण्याचा धोका मी तरी पत्करला नसता.

मंदिरात मोबाइल नेऊ देत नाहीत. सर्वांचे मोबाइल आणि चपला गाडीतच ठेवल्या तर बाहेर शोधाशोध करावी लागत नाही. मात्र तसे केल्यास भेटण्याची एक जागा आणि एक वेळ आधीच ठरवून घ्या, कारण आत गेल्यावर सात माणसे एकत्र राहत नाहीत. "लवकर दर्शन घडवून देतो" असे सांगत जवळ येणाऱ्या अनोळखी माणसाला एक रुपयाही देऊ नका.

उत्तर : तुळसमाळ

वरील माहिती अगदी योग्य आहे, पण मुखदर्शनाच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. प्रश्नात आईंच्या दृष्टीविषयी एक वाक्य आहे, त्याकडे लक्ष द्यायला हवे. ज्या बाईला दूरचे नीट दिसत नाही, तिला गर्दीतून काही क्षणांसाठी मुखदर्शन घडले तर काय दिसणार? कपाळावरचा गंध दिसेल, कदाचित हारांचा रंग दिसेल, आणि तेवढ्यात मागचा माणूस पुढे सरकायला सांगेल. पंढरपूरचे वैशिष्ट्यच हे आहे की, येथे कोणत्याही जातीच्या, कोणत्याही परिस्थितीतल्या माणसाला देवाच्या पायांना हात लावता येतो. एवढ्या मोठ्या देवस्थानांपैकी फार थोड्या ठिकाणी ही मोकळीक आहे. अधू डोळ्यांच्या माणसाला तर डोळ्यांनी होणाऱ्या दर्शनापेक्षा हातांनी होणारे दर्शन अधिक पोहोचते.

मी माझ्या सासूबाईंना असेच नेले होते. शेवटच्या टप्प्यात माणूस वाकतो, दोन्ही हात पुढे जातात आणि थंड, गुळगुळीत दगडाचा स्पर्श होतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या माथ्यांनी आणि हातांनी ही पावले इतकी झिजली आहेत की, त्यांना वज्रलेप, म्हणजे झीज रोखणारा लेप, करावा लागला आहे. तो क्षण फार लहान असतो, बाजूला उभा असलेला सेवेकरी लगेच खांद्याला हात लावून पुढे करतो. पण सासूबाई बाहेर येऊन भिंतीला टेकून बसल्या आणि बराच वेळ स्वतःचे तळवे पाहत राहिल्या. घरी आल्यावर त्यांनी रांगेविषयी एकदाही तक्रार केली नाही.

अर्थात गुडघ्यांचा प्रश्न खरा आहे आणि तो भावनेने सुटत नाही. म्हणून मी असे सुचवते की, सातही जणांनी पदस्पर्शाच्या रांगेत जाऊ नये. आईंबरोबर आपल्या ताईंनी जावे, बाकीच्यांनी मुलांना घेऊन मुखदर्शन घ्यावे. पोहोचल्याबरोबर आधी मंदिर समितीच्या कार्यालयात जाऊन वयस्कर भाविकांसाठी त्या दिवशी कोणती सोय उपलब्ध आहे ते विचारावे. रांग दर्शनमंडपाच्या जिन्यांवरून फिरवलेली आहे की थेट आत सोडतात, हेही तेथेच कळेल. जिने चढावे लागणार असतील तर मात्र हट्ट सोडावा.

उपवासाची काळजी करू नका. एकादशीच्या गावात साबुदाण्याची खिचडी सकाळपासून मिळते. आईंनी रांगेत जाण्यापूर्वी थोडे खाऊनच जावे आणि त्यांची नेहमीची औषधे चुकवू नयेत. ताईंच्या हातात पाण्याची बाटली, राजगिऱ्याचा लाडू आणि घडी घालता येणारे एखादे आसन असावे, म्हणजे रांग थांबली की आईंना टेकता येईल. आणि कृपया, हा निर्णय त्यांच्या वतीने परस्पर घेऊ नका. दोन्ही पर्याय त्यांच्यासमोर ठेवा आणि त्या काय म्हणतात ते ऐका.

उत्तर : शिलालेख

दर्शनाच्या रांगेविषयी दोन मते आली आहेत. मला तिसरी गोष्ट मांडावीशी वाटते. आईंना आत जाणे जमले नाही, तरी पंढरपूरची भेट अपुरी राहिली असे कोणी मानू नये, आणि हे मी समजूत घालण्यासाठी म्हणत नाही. पूर्वेच्या महाद्वारात नामदेव पायरी आहे. संतांच्या चरणांची धूळ आपल्यावर पडावी म्हणून नामदेवांनी ही जागा मागून घेतली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे, त्यामुळे जाणकार माणूस या पायरीवर पाय न ठेवता तिला हात लावून नमस्कार करतो. तिच्यासमोरच संत चोखामेळा यांची समाधी आहे. मंगळवेढ्यात गावकुसाचे काम चालू असताना ते कोसळून 1338 मध्ये चोखोबांचा अंत झाला आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी येथे आणून समाधी बांधली, असे परंपरा सांगते. जातीमुळे चोखोबांना मंदिरात पाऊल ठेवता आले नाही. ज्या भक्ताला देवळाचा उंबरठा ओलांडू दिला नाही, त्याची समाधी महाद्वारासमोर आहे आणि वारकरी तिला नमस्कार करून मगच पुढे जातात.

त्या समाधीपाशी मुलीला आणखी एक हकिगत आवर्जून सांगा. दलितांना हे मंदिर खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे 1947 मध्ये पंढरपुरात उपोषण केले आणि त्यानंतर मंदिराचे दरवाजे उघडले. वर 'तुळसमाळ' यांनी ज्या मोकळिकीचा उल्लेख केला आहे, ती आपोआप मिळालेली नाही. दहा वर्षांच्या मुलीला हे नीट कळते, आणि त्या जागी उभे राहून ऐकले तर ते तिच्या लक्षातही राहील.

आषाढीला लाखो वारकरी नामदेव पायरीचे आणि कळसाचे दर्शन घेऊनच माघारी फिरतात, आणि कोणीही त्यांची वारी कमी प्रतीची मानत नाही. आईंना एवढे सांगून ठेवलेत तर रांगेत पाय थकल्यावर बाहेर पडताना त्यांना अपराधी वाटणार नाही.

प्रश्नकर्ता : मुळाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारचा विचार रद्द केला असून उद्या पहाटेच निघत आहोत. 'तुळसमाळ' यांनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही पर्याय आईसमोर ठेवले. ती म्हणाली, "मला तोंड दिसलं नाही तरी चालेल, पाय लागू देत." त्यामुळे ती आणि ताई पदस्पर्शाच्या रांगेत जातील. जिने असतील तर हट्ट करणार नाही, असे तिने कबूल केले आहे. चोखोबांच्या समाधीविषयी बाबांना माहीत होते. उद्या मुलीला ते सांगण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले आहे.

आता एकच शंका उरली आहे. त्या दोघी रांगेत असताना आमचे मुखदर्शन बहुधा लवकर आटोपेल. उरलेल्या वेळात मुलांना चंद्रभागेवर न्यावे का? मुलाला पाणी दिसले की आवरणे कठीण जाते.

उत्तर : होडीवाट

जरूर न्या. महाद्वार घाटाने खाली उतरलात की वाळवंटात पुंडलिकाचे मंदिर आहे. आधी पुंडलिकाला नमस्कार करून मग विठ्ठलाकडे जाण्याचा प्रघात आहे, त्यामुळे वेळ जमला तर सर्वांनी मिळून प्रथम तेथेच जावे. आईंना मात्र घाटाच्या पायऱ्या उतरायला लावू नका, त्यांनी वरूनच हात जोडावेत. येथे भीमा चंद्रकोरीसारखे वळण घेते, म्हणूनच तिला चंद्रभागा म्हणतात, हे घाटावर उभे राहिल्यावर मुलीला दाखवता येईल.

आपण मार्गशीर्षात येत आहात, तेव्हा नदीतल्या विष्णुपद या देवस्थानाचाही विचार करा. या महिन्यात विठ्ठलाचा मुक्काम विष्णुपदावर असतो अशी श्रद्धा आहे, आणि गावातली माणसेही या दिवसांत शिदोरी बांधून तेथे जातात. पात्रात पुरेसे पाणी असेल तर घाटावरून होडीने जाता येते. मुलांना मंदिराच्या रांगेपेक्षा ही होडीच अधिक दिवस आठवेल. गाडीनेही तेथे सहज पोहोचता येते.

उत्तर : महाद्वार

होडीबाबत थोडी सावधगिरी बाळगावी, असे स्थानिक म्हणून सांगणे माझे कर्तव्य आहे. उजनी धरणातून पाणी सोडलेले असेल तर पात्राची पातळी वाढते, आणि पाणी कमी असेल तेव्हा वाळूच्या उपशाने पडलेले खोल खड्डे वरून दिसत नाहीत. येथे माणसे बुडाली आहेत. तीन वर्षांच्या मुलाला पाण्यात उतरवू नका, घाटाच्या शेवटच्या कोरड्या पायरीवर बसवून त्याच्या पायांवर ओंजळभर पाणी घाला, तेवढ्याने त्याचे समाधान होईल. होडीत बसायचे असल्यास ती गच्च भरलेली नाही याची खात्री करा. होडीत लाइफ जॅकेट नसेल तर सरळ गाडीने विष्णुपदाला जा.

आईंच्या निर्णयाचा मला आनंद वाटला आणि माझा आधीचा सल्ला मी आग्रहाने पुढे रेटत नाही. फक्त वेळ सांभाळा. साडेआठच्या आत त्या दोघी रांगेला लागल्या, तर महानैवेद्याआधी दर्शन होण्याची चांगली शक्यता आहे. विठ्ठलाच्या दर्शनानंतर मागच्या बाजूला रुक्मिणीमातेचे मंदिर आहे. पुष्कळ जण थकून थेट बाहेर पडतात, तसे करू नये, कारण तेथे पुन्हा मोठी रांग सहसा नसते. बुक्का, तुळशीची माळ आणि चुरमुऱ्यांचा प्रसाद दर्शनानंतर घ्यावा, म्हणजे रांगेत आईंचे दोन्ही हात मोकळे राहतील.