सर्दी असलेल्यानं बारशाला येऊ नये म्हटलं, हे चुकलं का?

वडगावचा बाप: परवा मुलीचं बारसं झालं. सहा आठवड्यांची आहे. दारातच सांगितलं, ज्याचं नाक गळायलंय त्यानं बाळाला लांबूनच बघा. एक आत्या न जेवता उठून गेल्या. पण थोरला दोन महिन्यांचा असताना असाच एक पाहुणा त्याचे पापे घेऊन गेला होता. आधी नुसतं नाक वाहिलं. चौथ्या दिवशी श्वासागणिक बरगड्यांखाली खळगा पडायला लागला आणि पाच दिवस ऑक्सिजनवर काढले. तपासणीत आरएसव्ही निघाला, म्हणजे लहान बाळांच्या श्वासनळ्या सुजवणारा विषाणू. पाहुण्याला साधी सर्दी होती म्हणे.

शहापूरची आजी: चुकलंच की! बारशाला चार हात लागायलाच पाहिजेत. आमच्या घरात नऊ पोरं एका खोलीत वाढली. शेगडी, वावडिंग-ओव्याची धुरी, बास. कुठला आलाय व्हायरस?

खानापूरची सून: आजी, वाढलेली तेवढीच मोजता तुम्ही. आमच्या आजेसासूबाई बाळंतपणं अकरा सांगतात, पोरं सहा. बाकीच्यांचं काय झालं विचारलं की म्हणतात, पोट उडायला लागलं नि गेलं.

निपाणीकर: मी आजींच्या बाजूचा नाही, पण बापाच्याही नाही. दोन वर्षांची होईपर्यंत जवळजवळ सगळ्याच पोरांना आरएसव्ही एकदा गाठतोच. आत्याला अडवलंत, थोरला बालवाडीतून रोज काय घेऊन येतो ते कोण अडवणार? जानेवारी २०२५ मध्ये बेंगळुरूच्या दोन बाळांत एचएमपीव्ही, आरएसव्हीसारखाच सर्दी-खोकल्याचा विषाणू, सापडला तर टीव्हीनं आकाश कोसळल्यासारखं केलं. तो विषाणू २००१ सालीच ओळखला गेलाय. पोराला काचेच्या पेटीत ठेवणार काय?

वडगावचा बाप: थोरल्याचा मुद्दा खरा आहे, मलाही तोच खुपतो. घरी आला की हात धुवून, सदरा बदलूनच तिच्याजवळ जातो. तेवढंच हातात आहे. पण लागण दोन महिन्यांत होणं नि दीड वर्षात होणं यात फरक आहे हो. एवढ्याशा बाळाची श्वासनळी आधीच बारीक, आत जरा सूज आली, चिकटा भरला की वाटच बंद. टाळायचं नाही, लांबवायचंय.

नर्सताई (चिकोडी): लांबवायचंय, अगदी बरोबर. आजी, धुरी मात्र बंद करा, सुजलेल्या नळीला धूर म्हणजे आगीत तेल. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५०, पुढं पाच वर्षांपर्यंत ४०, एवढे भरले की दवाखाना. दूध ओढेना झालं, ओठ निळसर दिसले तर मोजत बसू नका. तिसरा ते पाचवा दिवस जास्त जपायचा. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, उगीच हट्ट धरू नका.

निपाणीकर: आणि मेडिकलमधनं खोकल्याची बाटली? आमच्याकडं सर्रास.

नर्सताई (चिकोडी): दोन वर्षांच्या आत नाहीच. मध्य प्रदेशात छिंदवाड्याला खोकल्याच्या औषधानं पोरं दगावली, त्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रानंही तेच सांगितलंय. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब नि अंगावरचं दूध थोडं थोडं, पण सारखं.

शहापूरची आजी: माझ्या घड्याळाला सेकंदाचा काटाच नाही. नातीनं मोबाईलवर मोजलं. पणतू आठ महिन्यांचा, झोपलाय, ३८ आले. धुरीचं बघते. आत्याला न जेवता जाऊ दिलंस ते मात्र वाईटच.

वडगावचा बाप: उद्या डबा घेऊन जातोय, आजी. त्यांचं नाक अजून गळायलंय म्हणे, म्हणून एकटाच.