टोल ०, जेवण ०: गाडीतल्या संसाराचा हा कसला हिशेब?

हिशेबनीस
गाडीतच राहणाऱ्या 'चाकावरचं बिऱ्हाड' यांनी परवा नोव्हेंबरच्या खर्चाचा तक्ता टाकला. मारुती इकोची मागची सीट काढून त्यात पलंग, दोघं जण, पुणे-सोलापूर-नांदेड-शेगाव-लोणार-संभाजीनगर-पुणे असे १,३०० किमी. पेट्रोल ९,०५०, किराणा-भाजी ४,२००, बाहेरचं खाणं आणि चहा १,९००, मोबाइल ९००, गॅस ५००, लाँड्री ३५०, पार्किंग २५०, औषधं २००. टोल ०. नांदेड-शेगावचं जेवण ०. एकूण १७,३५०. आणि खाली शेरा: "पुण्यात लोक याहून जास्त नुसतं भाडं भरतात. घर ही सवय आहे, गरज नाही."

बेरीज बरोबर आहे. तेवढीच.

मी ३१ वर्षं एका साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात घासली. दर वर्षी कोणीतरी छाती काढून यायचा, "साहेब, आमच्या विभागाचा या महिन्यात खर्चच नाही." नसणारच, बिल गेल्या महिन्यात फाडलेलं असायचं.

टोल शून्य कसा? २०२५ च्या ऑगस्टमध्ये फास्टॅगचे पास निघाले तेव्हा ३,००० भरून २०० फेऱ्यांचा वार्षिक पास काढल्याचं तुम्हीच फोटोसकट सांगितलं होतं. मग महिन्याला २५० लिहा. समृद्धीवर चढलात की वेगळे मोजा, तो पास तिथे चालत नाही. गाडीचा विमा ९,६०० म्हणालात, म्हणजे ८००. सर्व्हिसिंगचे वर्षाला १२,००० धरा, १,०००. दोघांचा आरोग्य विमा २४,०००, म्हणजे २,०००. चार टायर १४,००० चे. आणि घसारा! गाडी साडेचार लाखांची, वर फळ्या, बॅटरी, सोलर मिळून १.२ लाख. पाच वर्षांनी विकून दोन लाख आले तरी गंगेत घोडं न्हालं. उरले ३.७ लाख, भागिले ६०, महिन्याला ६,१६७.

आणि जेवण शून्य? सात दिवस नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगर, तीन दिवस शेगावच्या संस्थानात महाप्रसाद. गहू कोणीतरी विकत आणला, पोळ्या कोणीतरी लाटल्या, आणि तुमच्या तक्त्यात ती झाली 'बचत'. याला आमच्याकडे दुसरा शब्द आहे. लिहीत नाही.

चाकावरचं_बिऱ्हाड
काका, मी ताळेबंद नाही मांडला, खर्च मांडला. खिशातून गेलं तो खर्च. तुमच्या मिक्सरचा घसारा तुम्ही वाण्याच्या वहीत लिहिता का? घरात राहणारा "महिना ४० हजार लागतात" म्हणतो तेव्हा त्यात फ्लॅटचं रंगकाम, गळकी टाकी, लिफ्टची वर्गणी बाराने भागून धरलेली असते का? गाडीत राहणाऱ्यालाच बरे सगळे सीए भेटतात.

आणि तो दुसरा शब्द लिहाच. बघू.

लालपरी_निवृत्त
दोघेही चुकताय. मी बार्शी डेपोला २८ वर्षं गाडी हाकली. टायर महिन्याला झिजत नसतो, किलोमीटरला झिजतो. १४,००० चे चार टायर ४०,००० किमी गेले तर किलोमीटरमागे ३५ पैसे. तुमच्या १,३०० ला ४५५ रुपये. डिसेंबरभर कोकणात हर्णैला गाडी लावून बसलात तर जवळजवळ शून्य. ऑइल, ब्रेक पॅड, क्लच, सगळं असंच. विमा आणि पास मात्र गाडी उभी असली तरी खातात. ते बाराने भागा, हे किलोमीटरने गुणा. दोन्ही एका ओळीत कोंबलं की थंडीत 'स्वस्त' आणि उन्हाळ्यात 'महाग' असा खेळ होतो.

आणि पेट्रोलच्या आकड्यावरून दिसतं, इकोला लिटरमागे पंधराचं ॲव्हरेज धरलंय. पलंग, पाण्याचे कॅन, बॅटरी, दोन माणसं घेऊन लोणारजवळच्या बिबी गावापुढच्या त्या रस्त्याला पंधरा पडत असेल तर मला गाडी दाखवा, मी पाया पडतो.

हिशेबनीस
टायरचं मान्य. कारखान्यात ट्रॅक्टर होते, मला सुचायला हवं होतं. ८०० अधिक २५० अधिक १,००० अधिक २,००० अधिक ४५५ अधिक ६,१६७. वरचे १०,६७२. म्हणजे १७,३५० नव्हे, २८,०२२. रुपया कमी नाही.

भाडेकरू_तिसरा_मजला
घसारा राहू द्या बाजूला. "घर ही सवय आहे" हे लिहिणाऱ्याचा कोथरूडला टू बीएचके आहे, स्वतःचा, भाड्याने दिलेला. जुन्या पोस्टींत आहे सगळं. त्या भाड्यावर तुमचं पेट्रोल चालतं. मी गेल्या सहा वर्षांत चार घरं बदलली. दर वेळी तोच तमाशा: पोलीस व्हेरिफिकेशन, एजंटला एक महिन्याचं भाडं, आणि जुना मालक डिपॉझिटमधून "भिंतीला खिळे" म्हणून पाच हजार कापणार. माझ्या तक्त्यात खिळ्यांची ओळ आहे. तुमच्या तक्त्यात माझ्यासारख्याच कोणाचं तरी भाडं आहे, फक्त ते दिसत नाही. उत्पन्नाची बाजू लपवली की कोणीही फकीर होतो.

विमा_आणि_वाद
घाईत आहे. सीट काढून पलंग बसवलाय, आरसीवर नोंद आहे का? मोटार वाहन कायदा, कलम ५२. आरसीतल्या तपशिलांशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही. उद्या क्लेमच्या वेळी सर्व्हेअर पहिला प्रश्न हाच विचारेल.

चाकावरचं_बिऱ्हाड
पलंग ठोकलेला नाही, घडीचा आहे, उचलून बाहेर ठेवता येतो. सीट बोल्टची आहे. फ्लॅटच्या गॅलरीत ठेवलीय, पाहिजे तेव्हा परत लावू.

भाडेकरू_तिसरा_मजला
कुठल्या फ्लॅटच्या गॅलरीत? जो भाड्याने दिलाय त्या???

म्हणजे तो बिचारा भाडंही भरणार आणि तुमच्या गाडीची सीटही सांभाळणार. कपडे वाळत घालायला वाकून जात असेल. हिशेबनीस काका, याची ओळ टाका.

हिशेबनीस
गोदामभाडे. टाकली.

गोदाकाठ
मी नांदेडचा. गुरुद्वारापासून चालत पाच मिनिटांवर राहतो. काका, तुमचा तो 'दुसरा शब्द' आम्हाला कळला, आणि आवडला नाही.

१९९८ मध्ये वडील इथल्या दवाखान्यात होते. ४३ दिवस. आई आणि मी गावाकडून आलेलो, खिशात परतीचं तिकीट सोडून काही नाही. ४३ दिवस दोन्ही वेळ लंगरमध्ये जेवलो. एकदाही कोणी विचारलं नाही कुठले, कोण, किती दिवस. पंगतीत बसलं की माणूस पंगतीतला. तिथे मुक्काम मोजणारा कोणी नसतो, आणि तुम्ही पुण्यात बसून सात दिवस मोजताय. त्यांनी शून्य लिहिलं कारण किंमत खरोखर शून्य आहे. दुसरा आकडा लिहिला असता तर तो खोटा झाला असता.

हिशेबनीस
तुमच्या घरावर प्रसंग होता. यांच्यावर कोणता आहे? कोथरूडच्या भाड्यावर हिंडणाऱ्या धडधाकट जोडप्याने आठवडाभर लंगर धरायचा आणि वर व्हिडिओत सांगायचं, "नांदेडला गाडी लावा, महिन्याचं बजेट आपोआप खाली येतं"? हे वाक्य त्यांचं आहे, माझं नाही. उद्या पन्नास गाड्या येतील. मी लिहितोच आता: फुकटे.

गोदाकाठ
येऊ द्या पन्नास. जेवतील. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये यवतमाळकडे करंजीजवळच्या महामार्गावर बाबा कर्नेलसिंग खैरा, वय ऐंशीच्या पुढे, रात्रंदिवस लंगर चालवत होते. पायी निघालेले मजूर, ट्रकवाले, बसमधले, जो येईल तो. त्यात दोन-चार गाडीवाले धडधाकटही असतील. लंगराचा अर्थच तो आहे: राजा आणि रंक एका ओळीत. तुम्ही दारावर उत्पन्नाचा दाखला मागायला बसलात.

पण व्हिडिओतलं ते वाक्य मी ऐकलं नव्हतं. आत्ता ऐकलं. ते खटकलं. लंगर म्हणजे बजेटची युक्ती नव्हे. नोकरी लागल्यावर दर रविवारी मी तिथे लसूण सोलायला बसतो. तिकडे कोणी हिशेब मागितला नाही म्हणून तर आपला आपण ठेवायचा असतो.

चाकावरचं_बिऱ्हाड
'फुकटे' लिहिणाऱ्यांनी आपण शेवटचं कोणाला ताटभर वाढलं तेही लिहावं. लग्नात ५०१ च्या पाकिटावर सहा जण जेवून येणारे मला हिशेब शिकवतायत. आम्ही तिथे भांडी घासली. त्याचा व्हिडिओ केला नाही, कारण मग तुम्हीच म्हणाला असता की दिखावा.

हिशेबनीस
पाच जण. आणि आहेर वेगळा होता.

शेगावचा_बापू
काहून भांडता राज्या? मी शेगावचा. आमच्या संस्थानात लोक नोकरी-धंदा सोडून सेवेले येतात, पंढरा सदरा घालून रांगा लावतात, ताटं उचलतात. त्यायच्यात मोठेमोठे साहेब असतात. महाप्रसादाचा हिशेब महाराज पायतील, तुमी नोका पाहू. मले फक्त एवढं सांगा, तीन दिवस शेगावात राह्यले आन् 'बाहेरचं खाणं' महिन्याचं मिळून १,९०० च? कचोरी खाल्ली का नाई?

चाकावरचं_बिऱ्हाड
खाल्ली. रोज.

मुरूड_दापोली
लंगराचं जाऊ द्या. आमच्या किनाऱ्यावर हे 'बिऱ्हाडं' सुरूच्या बनात गाडी लावून रात्र काढतात. सकाळी राखेचा ढीग, अंड्याची टरफलं आणि झाडामागे कागद. त्यांच्या तक्त्यात 'मुक्काम ०'. आमच्या ग्रामपंचायतीच्या तक्त्यात सफाईची मजुरी. चार खोल्यांचं घरगुती लॉज आहे माझं. गाडी अंगणात लावा, न्हाणीघर वापरा, २०० द्या म्हटलं तर तोंडं वाकडी होतात. मग हेच लोक कोकणी माणूस माणुसघाणा असं लिहितात.

बिऱ्हाडाची_दुसरी_बाजू
नमस्कार. तक्ता यांचा आहे. वही माझी आहे. दोन्ही एक नाहीत, आणि हे यांनाही आज रात्री वाचून कळेल.

वहीतल्या नोव्हेंबरच्या पानावरून उतरवते. गोलकमध्ये, म्हणजे गुरुद्वाऱ्याच्या दानपेटीत, १,१००, नांदेड सोडताना. शेगावला दानपेटी ५०१. लॉजची खोली दोन वेळा, ९०० प्रमाणे १,८००. सॅनिटरी पॅड ३२०. सुलभ आणि पंपांवरची स्वच्छतागृहं मिळून १८५. एकूण ३,९०६. माझ्या खात्यातून गेले, म्हणून 'खिशातून' गेलेच नाहीत.

खोली का घेतली ते बायकांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी: इकोत न्हाणीघर नाही, आणि महिन्यातले दोन दिवस मला दाराला कडी असलेली जागा लागते. हे म्हणाले होते, "यात्री निवासात जाऊ ना." दोन्ही वेळा भरलेलं होतं. एकदा लोणारला, एकदा हिंगोलीच्या अलीकडे. मोबाइलचे ९०० सुद्धा चैनीचे नाहीत. मी गाडीत बसून भाषांतराचं काम करते, नेट बंद तर काम बंद. यांच्या तक्त्यातलं किराण्याचं वाचलेलं निम्मं मी रोज दीड तास त्या एका शेगडीवर वाकून वाचवते. त्याला दर लावा म्हणत नाही. पण ओळ असू द्या.

मुरूडच्या दादा, अंगणाचे २०० मी देईन. पत्ता निरोपात पाठवा.

गोदाकाठ
ताई, गोलकमधला आकडा सांगायला नको होता. तुम्हाला तो सांगावा लागला याचं वाईट वाटलं.

बिऱ्हाडाची_दुसरी_बाजू
मलाही. पण 'फुकटे' वाचलं आणि राहवलं नाही.

हिशेबनीस
ताई, तो शब्द मागे घेतो. तुमच्यापुरता. व्हिडिओवाल्यांनी ते वाक्य काढेपर्यंत त्यांच्यापुरता राहू द्या.

आता १७,३५० अधिक ३,९०६ झाले २१,२५६. माझे १०,६७२ धरून ३१,९२८. कोथरूडच्या भाड्याशी तुलना करायची तर आता करा.

लालपरी_निवृत्त
काका, तुम्ही घसारा महिन्याने धरता, तोही थोडा किलोमीटरचा असतो. गाडी विकताना गिऱ्हाईक आधी काटा बघतं, मग साल.

हिशेबनीस
तुम्ही डेपोत होता की ऑडिटला?

चाकावरचं_बिऱ्हाड
व्हिडिओतलं ते वाक्य काढलंय. शब्द घाईत गेले होते, हेतू तसा नव्हता, पण ठीक आहे.

डिसेंबरपासून तक्त्याला तीन रकाने: रोजचे, किलोमीटरचे, वर्षाचे बाराने भागलेले. चौथा वहीचा, तो मी भरणार नाही, आत्ताच बजावण्यात आलंय. ॲव्हरेज कालच टाकी टू टाकी मोजलं. १२.८ पडलं. नोव्हेंबरचं पेट्रोल मात्र पावत्यांवरून नव्हतं, पंधराने काढलेलं होतं. हसा.

घसारा लिहिणार नाही म्हणजे नाही. गाडी विकायचीच नाहीये.

लालपरी_निवृत्त
१२.८! पाया पडायचं वाचलं. हवा किती ठेवता मागच्या चाकांत?

भाडेकरू_तिसरा_मजला
आणि सीट?

चाकावरचं_बिऱ्हाड
पुण्याला आलो की उचलतो. सासऱ्यांकडे माळ्यावर जागा आहे.

हिशेबनीस
सासऱ्यांनाही भाडं लागू.