हॉस्पिटलमधून घरी सोडल्यानंतरचे ३० दिवस
म्हातारी माणसं महिन्याभरात पुन्हा ॲडमिट होतात ती उपचार कच्चे राहिल्यामुळे, असं बरेच जण म्हणतात. मला ते अर्धंच पटतं; उरलेलं अर्धं घरी गेल्यावरच्या काळजीवर असतं. अमेरिकेत मेडिकेअरच्या (मुख्यतः म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) २००३-०४ च्या नोंदींत साधारण पाचातला एक रुग्ण ३० दिवसांत परत आला होता, आणि राज्याराज्यांत हे प्रमाण बरंच वेगळं होतं.

माझ्या सासऱ्यांना हार्ट फेल्युअर आहे, म्हणजे हृदय रक्त नीट पंप करत नाही आणि अंगात पाणी साठतं; मीठ जास्त झालं की आणखीच. गाव कोल्हापूर जिल्ह्यातल्या, पण शहरापासून लांबच्या चंदगड तालुक्यात. कोल्हापुरातून सोडताना हातात सहा प्रकारच्या गोळ्या आणि इंग्रजी कागद. मीठ कमी करा म्हणाले, पण लोणचं, पापड, खर्डा यांचं नाव कुणी काढलं नाही. बाराव्या दिवशी पाय सुजले, झोपायला तीन उशा लागू लागल्या, सोळाव्या दिवशी पुन्हा ॲडमिट!

आता रोज सकाळी वजन करून कॅलेंडरवर लिहितो. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, म्हणजे पाणी साठतंय, की लगेच डॉक्टरांना फोन. (वजनकाटा औषधांइतकाच गरजेचा आहे हो.)

शहरातला माणूस रिक्षाने ओपीडीत जातो. चंदगड, गगनबावड्याच्या म्हाताऱ्याचा त्यात अख्खा दिवस जातो, सोबतच्याचा रोजगार बुडतो. मग फेरतपासणी टळते. पहिल्याच आठवड्यात गावातल्या आशाताईंनी (सरकारी योजनेतल्या आरोग्य कार्यकर्त्या) घरी येऊन पाय, वजन आणि गोळ्या बघितल्या असत्या, तर आमची दुसरी खेप नक्की वाचली असती.